चौल बंदराची तिजारत आणि आमचा कापूस

कापडाच्या दुकानात गादीवर बसणाऱ्या माणसाला समुद्राशी काय देणेघेणे, असे कोणी आम्हास विचारले असते, तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याजवळ त्याचे उत्तर नव्हते. परभणीहून समुद्र पाचशे किलोमीटर दूर. आमच्या वडिलांनी उभे आयुष्य गुजरी बाजारात थाने उलगडण्यात काढले आणि समुद्र न पाहताच ते अल्लाहला प्यारे झाले. आम्ही समुद्र पाहिला तो मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधील खरेदी आटोपल्यावर, चौपाटीवर अर्धा तास. मालाची बिल्टी खिशात आणि गाडीची वेळ डोक्यात, अशा अवस्थेत पाहिलेला समुद्र तो काय पाहिलेला असणार!

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. शाळेच्या दिवसांत मौलाना सय्यद सुलैमान नदवी यांचे 'अरब व हिंद के तअल्लुकात' हे पुस्तक हाती आले होते. त्यात 'सैमूर' नावाच्या एका भरभराटीच्या बंदराचा उल्लेख वारंवार येतो. हे सैमूर सिंधमध्ये किंवा इराणच्या आखातात कुठेतरी असेल, अशी आमची समजूत होती. पुष्कळ वर्षांनी कळले की सैमूर म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्यातील, अलिबाग तालुक्यातील चौल! ते समजल्यावर आम्हास राहवले नाही. मागच्या हिवाळ्यात मुंबईची खरेदी एक दिवस पुढे ढकलली आणि अलिबागची वाट धरली.

व्यापाऱ्याला व कारीगराला चौलच्या इतिहासातून घेण्यासारखे बरेच आहे असे वाटल्याने हा लेखप्रपंच करीत आहोत.

आज काय दिसते?

अलिबागहून दक्षिणेकडे सतरा-अठरा किलोमीटर गेले की चौल आणि त्याला लागून रेवदंडा लागते. कुंडलिका नदीची खाडी येथे समुद्राला मिळते. दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, कौलारू घरे, अरुंद रस्ता. रेवदंड्यात पोर्तुगिजांच्या कोटाच्या भिंती आणि पडक्या चर्चचा मनोरा उभा आहे. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. त्याच्या पायथ्याच्या गावात काही ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. चौलच्या बाजूस वाड्यांमध्ये जुन्या मशिदीचे आणि हमामखान्याचे अवशेष आहेत. जेथे एके काळी बसरा आणि ओमानचे व्यापारी राहत होते, तेथे आम्ही गेलो त्या वेळी एक म्हातारे गृहस्थ सुपाऱ्या वाळत घालीत होते. "इथं बंदर होतं म्हणतात, पण आता नुसता गाळ," एवढेच ते म्हणाले.

एका व्यापाऱ्याची जुनी वही

समुद्रकिनाऱ्यावरची जुनी शहरे पुष्कळदा कापडावर आणि रंगावर जगली आहेत. लेबनॉनच्या किनाऱ्यावरील सूर हे शहर, ज्याला युरोपीय लोक टायर म्हणतात, ते फिनिशियन लोकांनी भरभराटीस आणले. समुद्रातील एका गोगलगायीपासून ते जांभळा रंग काढीत. थोड्याशा रंगासाठी हजारो गोगलगायी लागत, म्हणून तो रंग राजेरजवाड्यांनाच परवडे. इसवी सनापूर्वी 332 मध्ये सिकंदराने सात महिने वेढा घालून ते शहर घेतले. तरीही रंगाऱ्यांच्या हुनरावर सूर पुन्हा उभे राहिले.

आपल्या किनाऱ्याची अशीच कथा एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहून ठेवली आहे. हा मिसरमध्ये राहणारा होता, त्याचे नाव कोणास ठाऊक नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहिली. त्या पुस्तकास 'पेरिप्लस' म्हणतात. कोणत्या बंदरात कोणता माल घ्यावा, कोणता विकावा, कोठे धोका आहे, कोठे राजाला नजराणा द्यावा लागतो, असा सगळा हिशेब त्यात आहे. जणू एखाद्या अनुभवी आडत्याने आपल्या मुलासाठी लिहून ठेवलेली वहीच.

त्या वहीत कल्याणच्या पुढे 'सेमुल्ला' असे नाव येते. तेच चौल. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमीने त्यास 'सिमुल्ला' म्हटले आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत 'चेमुल' असे गावाचे नाव आढळते. कार्ल्याच्या लेण्यात तर काही खांबांचे दान देणारे स्वतःला 'यवन' म्हणवितात, म्हणजे परदेशी लोक केवळ किनाऱ्यावर थांबत नव्हते, घाट चढून वरही येत होते. डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चौलमध्ये उत्खनन केले, तेव्हा सातवाहन काळातील अवशेष हाती लागले.

पण आम्हास त्या वहीतील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. तीत आपल्या मराठवाड्यातील दोन गावांची नावे आहेत. एक पैठण आणि दुसरे तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. भडोचहून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर, असे तो लिहितो. पैठणहून अकीकसारखे खडे येत. तगरहून काय येत होते? साधे कापड पुष्कळ, आणि नाना तऱ्हेची मलमल! हा माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे नेला जाई. त्या बंदरात परदेशाहून तांबे, कथील, शिसे, पोवळे, काच आणि सोन्या-चांदीची नाणी येत. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली आहे. तशाच घडणीची मूर्ती इटलीतील पाँपेई येथे, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहरात मिळाली.

वाचक बंधूंनी येथे जरा थांबून विचार करावा. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी आमच्या मुलखातून समुद्राकडे गाठ जात नव्हती, थान जात होते. कापूस पिंजून, सूत कातून, विणून, तयार माल जात होता. जाडेभरडे मांजरपाटही जाई आणि नाजूक मलमलही जाई. दोहोंना गिऱ्हाईक होते.

राजाने बंदर अडविले

त्याच वहीत व्यापाऱ्याला सावध करणारी एक नोंद आहे. कल्याण हे पूर्वी खुले बंदर होते. पुढे राज्य बदलले आणि नव्या सत्ताधाऱ्याने ते अडविले. ग्रीक गलबत चुकून तेथे आले तर पहाऱ्यात घालून त्याला भडोचला नेत. सत्तेच्या भांडणात माल आणि गलबते अशी हाकलली जाण्याचा हा प्रकार जुनाच आहे. ज्यांचे दुसऱ्या बंदराशी संबंध होते त्यांचेच अशा वेळी निभावले असेल, हे सांगण्यास इतिहासकाराची गरज नाही. एकाच दलालावर व एकाच बाजारावर विसंबणाऱ्या दुकानदाराचे काय होते, ते आपण रोज पाहतो.

सैमूरचे हुनरमन

हिजरी 304, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास बगदादचा प्रवासी व इतिहासकार मसऊदी चौलला आला. तेव्हा या मुलखावर 'बल्हरा' म्हणजे मान्यखेटच्या राष्ट्रकूटांची सत्ता होती आणि त्यांच्या हाताखाली शिलाहार घराण्यातील झंझ हा कोकणात राज्य करीत होता. मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. परभणीप्रमाणेच तेही पुढे निजामाच्या राज्यात होते.

मसऊदी लिहितो की सैमूरमध्ये सुमारे 10,000 मुसलमान होते. काही येथेच जन्मलेले, काही सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून येऊन, लग्ने करून स्थायिक झालेले. त्यांचे आपसांतील तंटे मिटविण्यासाठी राजाने त्यांच्यातीलच एक प्रमुख नेमलेला होता. त्याला 'हुनरमन' म्हणत. हा शब्द फारसीतील 'हुनरमंद' शब्दाशी जुळतो. राजा मुसलमान नव्हता, प्रजेतील बहुसंख्य लोक मुसलमान नव्हते. तरीही परक्या व्यापाऱ्याला येथे स्वतःचा न्याय मिळत होता, मशिदी होत्या आणि मान होता.

ही केवळ मेहेरबानी नव्हती. आमच्या मते त्यात दोन्ही बाजूंचा शहाणपणा होता. राजाला जकात हवी होती. व्यापाऱ्याला भरवसा हवा होता की आपला माल लुटला जाणार नाही व तंटा झाला तर कोणीतरी ऐकून घेईल. आणि त्या व्यापाऱ्यांनीही आपला शब्द पाळला असला पाहिजे, नाहीतर दहा हजारांची वस्ती परक्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या टिकली नसती.

या भरवशाचा एक लहानसा अनुभव आमच्याही गाठी आहे. एकदा एका ठोक व्यापाऱ्याने पक्क्या रंगाचा म्हणून दिलेला छिटाचा माल पहिल्याच धुण्यात उतरला. लग्नसराईचे दिवस. खेड्यांतून बाया गाठोडी घेऊन दुकानावर आल्या. ठोक व्यापाऱ्याने हात वर केले. वडील तेव्हा हयात होते. त्यांनी एकही शब्द न बोलता प्रत्येकीचे पैसे परत केले. त्या हंगामात आमच्या घरी नवे कपडे आले नाहीत. पण त्या बायांच्या लेकीसुना आजही आमच्याच दुकानाची पायरी चढतात.

पाथरीचे घराणे आणि चौलचे घोडे

आता आपल्या परभणी जिल्ह्याकडे येऊ. अहमदनगरची निजामशाही स्थापन करणाऱ्या अहमद निजामशहाचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण. त्याचे पूर्वज आपल्या पाथरीचे कुलकर्णी होते, असे फरिश्ता या इतिहासकाराने नमूद केले आहे. पुढे बुऱ्हाण निजामशहाने आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून वऱ्हाडच्या इमादशहाकडे पाथरी मागितली. मोबदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. ते जमले नाही, तेव्हा लढाई करून घेतली. याच निजामशाहीचे मुख्य बंदर होते चौल! म्हणजे गोदावरीकाठच्या पाथरीचे घराणे आणि कुंडलिकेच्या मुखावरचे चौल, ही दोन टोके एकाच राज्याने जोडली.

त्याआधी बहामनी काळात, 1469 च्या सुमारास, अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून चौलला उतरला. त्याने विक्रीसाठी एकच घोडा आणला होता. सारी पुंजी त्याच घोड्यात गुंतलेली. जुन्नरला तेथील खानाने तो घोडा काढून घेतला. शेवटी खुरासानच्या एका मुसलमान गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा घोडा परत मिळाला आणि पुढे बिदरला विकला गेला. परमुलखात अडकलेल्या परधर्मी व्यापाऱ्याचा माल दुसऱ्या एका परदेशी माणसाने सोडवून दिला, ही गोष्ट निकितीनने स्वतःच लिहून ठेवली आहे.

दख्खनमध्ये चांगली घोड्यांची पैदास नव्हती, म्हणून अरबस्तान व होर्मुझचे घोडे चौलला उतरत आणि घाट चढून वर येत. परतीच्या गलबतांत येथील कापड जाई. सोळाव्या शतकाच्या आरंभी बार्बोसा नावाच्या पोर्तुगीज माणसाने चौलचा बाजार वर्णिला आहे. डिसेंबर ते मार्च हा हंगाम. घाटावरून लमाणांसारखे बैलांचे तांडे येत. बैलांच्या पाठीवर आडव्या गोण्या, आणि वीस-तीस बैलांमागे एक हाक्या. गावाबाहेर तळ पडे आणि तेथेच सौदे होत. घाटावरून गहू, धान्य, मलमलीचे तलम कापड उतरे. खालून तांबे, पारा, हिंगूळ, नारळ व सुपारी वर चढे. परभणीच्या उरुसात जसे दुकानांचे शहर उभे राहते, तसे ते चार महिने उभे राहत असणार.

परवान्याची तिजारत

पोर्तुगीज आले आणि समुद्रावरचा कायदा बदलला. 1508 मध्ये मिसरच्या अमीर हुसेनने आणि दीवच्या मलिक अयाजने चौलच्या खाडीत पोर्तुगीज आरमाराचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा त्यात मारला गेला. पण पुढच्याच वर्षी दीवच्या लढाईत पोर्तुगिजांनी बाजी उलटविली. 1521 मध्ये त्यांनी निजामशहाच्या संमतीने रेवदंड्यास किल्ला बांधला. निजामशहाला घोडे हवे होते आणि घोड्यांची वाट पोर्तुगिजांच्या हाती गेली होती.

मग 'कार्ताझ' म्हणजे समुद्रावर फिरण्याचा परवाना आला. परवान्याशिवाय गलबत दिसले की जप्त. पूर्वी ज्या समुद्रावर कोणाचीही मालकी नव्हती, त्यावर आता चौकी बसली. 1570-71 मध्ये मुर्तजा निजामशहाने मोठी फौज घेऊन चौलला वेढा घातला, पण कोट पडला नाही. 1594 मध्ये कोर्लईही पोर्तुगिजांनी घेतली.

या सगळ्या धामधुमीत कारीगर मात्र काम करीतच होते. 1583 मध्ये हिंदुस्थानात आलेल्या लिन्स्खोटेन या डच प्रवाशाने चौलच्या रेशमाची वाखाणणी केली आहे. कच्चे रेशीम चीनहून येई, चौलचे विणकर त्याचे कापड विणीत, आणि ते दूरदूर विकले जाई. येथे लक्षात घ्यावे की रेशमाचा एक धागाही चौलच्या मातीत पिकत नव्हता. माल चीनचा, हुनर चौलचे, आणि नफाही चौलचा.

बंदर बुडाले, हुनर तरले

सतराव्या शतकात सुरत वाढली. 1661 मध्ये मुंबई इंग्रजांकडे गेली व 1668 मध्ये कंपनीच्या हाती आली. मुंबईचे बंदर खोल होते आणि कंपनीला वस्ती वाढवायची होती. चौलचे काही विणकर त्या काळात मुंबईस गेले व तेथे त्यांना बसविण्यात आले. चौलच्या खाडीत गाळ साचत गेला. मराठे-पोर्तुगीज युद्धात 1739 मध्ये वसई पडली आणि 1740 च्या तहाने चौलही मराठ्यांकडे आले. तोवर व्यापार निघून गेला होता. राजे ज्या कोटासाठी भांडले तो कोट उरला. ज्यासाठी कोट बांधला ती तिजारत उरली नाही.

आम्ही रेवदंड्याच्या भिंतीपाशी उभे राहून विचार करीत होतो की या भिंतींनी कोणाचे रक्षण केले? भिंत विणकराने बरोबर नेली नाही. त्याने बरोबर नेले ते हातातले काम. धोटा नवा घेता येतो, माग नवा बसविता येतो. जो आपल्या मुलाला काम शिकवून गेला त्याचे घर मुंबईतही उभे राहिले.

आमचा हिशेब

आता आपली वही उघडू. आमच्या सेलू, मानवत, जिंतूरच्या बाजारात कापूस येतो. जिनिंग-प्रेसिंगमध्ये सरकी वेगळी होते, गाठी बांधल्या जातात, ट्रक भरतात. 1989 पासून न्हावा शेवा येथे मोठे बंदर सुरू आहे, आणि ते चौलच्या उत्तरेस त्याच किनाऱ्यावर आहे. आमच्या मुलखाचा आणि त्या किनाऱ्याचा जुना रस्ता तुटलेला नाही. फरक एवढाच की तगरहून मलमल जात होती आणि आमच्याकडून गाठ जाते. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी आणि सुरतेहून परत आमच्याच दुकानात येते, आणि ज्या शेतकऱ्याने कापूस विकला त्यालाच आम्ही सदऱ्याचे कापड मोजून देतो. नांदेडची उस्मानशाही मिल होती, तीही बंद पडली. धागा बाहेर गेला, त्याबरोबर कताई, विणाई, रंगाई आणि शिलाईची मजुरीही बाहेर गेली.

यावर उपाय म्हणून कोणी परभणीत उद्या मोठी मिल उभारावी, असे सांगण्याचा आमचा अधिकार नाही. पण लहान माणसाला करण्यासारख्या तीन गोष्टी चौलच्या इतिहासातून आम्हास दिसल्या.

पहिली, कच्च्या मालावर एक तरी हात फिरवूनच तो विकावा. चौलच्या विणकराने चीनचे रेशीम विणले. आमच्याकडे गादी-रजई भरणारे, शिवणकाम करणारे, जरीकाम जाणणारे हात घरोघरी आहेत. दुकानदाराने थान विकतानाच शिवून देण्याची सोय ठेवली, तर त्यातील मजुरी गावातच राहते. आम्ही गेल्या वर्षापासून मोहल्ल्यातील चार शिलाई करणाऱ्या भगिनींना दुकानाचे काम देतो. नफा थोडा आहे, पण चार चुली त्यावर पेटतात.

दुसरी, एकाच बंदरावर विसंबू नये. ज्या मिसरी व्यापाऱ्याने ती वही लिहिली त्याने एकेका बंदराची माहिती वेगवेगळी नोंदविली होती. आपणही दुकानाच्या वहीत एक पान राखून ठेवावे: कोणता माल कोठून येतो, तो बंद झाला तर दुसरीकडून कोठून मिळेल. हे पान मुलाकडून लिहून घ्यावे, म्हणजे त्यालाही धंद्याची भूगोलविद्या कळेल.

तिसरी, शब्द आणि माप. सैमूरचे परदेशी व्यापारी तलवारीच्या जोरावर राहिले नाहीत. त्यांच्या मागे फौज नव्हती. बसऱ्याचा माणूस कोकणात दुकान मांडतो आणि त्याची नातवंडे तेथेच वाढतात, ती गिऱ्हाइकाच्या भरवशावर.

आमचा धाकटा मुलगा पुण्यात नोकरी पाहतो आहे. दुकान बंद करावे की काय, हा विचार आमच्याही मनात येऊन गेला, तो लपवीत नाही. चौलहून परत आल्यावर त्याला एवढेच म्हणालो की, बाबा, तू जा, चौलचे विणकरही गेले होते. पण जाण्यापूर्वी दोन महिने गादीवर बस. कापड हातात घेऊन सूत ओळखायला, रंग पारखायला शीक. परभणीत राहा की पुण्यात, ते तुझ्याजवळ राहील. तो हसला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचे कुलूप उघडण्यास आमच्याआधी येऊन उभा होता.

अलिबागकडे जाणे झाले तर वाचकांनी चौलला एक चक्कर जरूर मारावी. हमामखान्याचे अवशेष वाडीतल्या कोणालाही विचारून सापडतात. आणि तेरला तर आपल्याकडून एका दिवसात जाऊन येता येते. तेथील लामतुरे संग्रहालयात त्या जुन्या तगरच्या वस्तू ठेवल्या आहेत. मुलांना बरोबर न्यावे.